टिकी रूम आणि तिच्या बाहेरचे अंगण

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधील ‘एन्चांटेड टिकी रूम’ २३ जून १९६३ रोजी सुरू झाली. दीडशेहून अधिक यांत्रिक पक्षी, फुले आणि टिकीचे मुखवटे तिथे गातात. मुलाबाळांना घेऊन येणाऱ्यांत तिच्याविषयी दोन मते आहेत. एक मत असे की, यातून मुलांना हवाईची संस्कृती कळते. दुसरे मत असे की, ही परक्या देवांची विटंबना आहे आणि तिथे पाऊलही टाकू नये.

पहिले मत मुळातच टिकत नाही. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टिकी हे आद्य पुरुषाचे नाव. मार्केझस बेटांवर मनुष्याकृती मूर्तीही टिकीच. पण बांबूच्या भिंती, मशाली आणि रमची पेये हा थाट १९३०च्या दशकात हॉलिवूडमधल्या ‘डॉन द बीचकोंबर’ या उपाहारगृहाने रूढ केला. टिकी रूममध्येही तोच वारसा आहे. खेळाचे यजमान चार मकाव पोपट. मकाव हा अमेरिका खंडांतला पक्षी आणि या चौघांचे उच्चार मेक्सिकन, आयरिश, फ्रेंच व जर्मन धाटणीचे. १९७६पासून डोल कंपनी या खेळाची प्रायोजक आहे, म्हणून बाहेर अननसाची थंड मिठाई मिळते. अननसही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. हवाईत डोल घराण्याची आठवण तेवढी गोड नाही. १८९३मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केल्यावर जे सरकार आले, त्याचे प्रमुख सॅनफर्ड डोल होते. कंपनीचे संस्थापक जेम्स डोल हे त्यांच्याच नात्यातले.

मग बहिष्कारवाल्यांचेच खरे का? नाही. ध्वनिफितीवरच्या सुरांनी धातूच्या बारीक पट्ट्या कंप पावाव्यात, त्यातून विद्युतमंडल जुळावे, दाबाच्या हवेने चोच उघडावी, ही करामत प्रेक्षकांसमोर पूर्ण खेळाच्या रूपाने पहिल्यांदा इथेच आली. ते कारागिरांचे अस्सल कर्तृत्व आहे. मुलांनी ते जरूर पाहावे, मात्र १९६३ची अमेरिकी कला म्हणून.

पॉलिनेशिया, म्हणजे पॅसिफिकमधल्या या बेटांचा प्रदेश, दिसतो तो खोलीत नव्हे, बाहेरच्या अंगणात. प्रवेशाची वाट पाहत लोक तिथे उभे असतात आणि बहुतेकांचे लक्ष दाराकडे असते. डिस्नेचे कलाकार रॉली क्रंप यांनी घडवलेल्या देवतांच्या मूर्ती तिथे एकेक करून बोलू लागतात. त्यासाठी क्रंप यांनी कॅथरीन लुओमाला या अभ्यासक बाईंचा पॉलिनेशियन पुराणकथांवरचा ग्रंथ वाचला होता. हवाईची ज्वालामुखीदेवी पेले ज्वाळा फेकते, हीनावरून पाऊस ओघळतो, पृथ्वी तोलणारा न्गेंडेई डुलतो. हा देव फिजीचा, शेतीचा रोंगो माओरींचा. एका अंगणात हजारो किलोमीटरांचा समुद्र कोंबलेला आहे. हा घोळ खराच, आणि तो मुलांना सांगायलाच हवा: कोणता देव कोणत्या बेटाचा, कोणाचा. याच अंगणातला माउई त्यांना ‘मोआना’ या २०१६च्या चित्रपटातून ओळखीचा असतो. तिथून सुरुवात सोपी. पेलेपाशी थोडे अधिक थांबावे. किलाउएया ज्वालामुखीच्या काठावर हवाईचे लोक आजही तिला अर्पण वाहतात, ती त्यांच्यासाठी जुनी गोष्ट झालेली नाही.