कीर्तीचा घसारा

कारखान्यातील यंत्र वापराने झिजते. म्हणून शहाणा कारखानदार दरवर्षी नफ्यातून घसारा बाजूला काढतो आणि जुने यंत्र बंद पडण्यापूर्वी नव्याची तजवीज करतो. कीर्ती हेही एक भांडवलच आहे. मात्र तिचा घसारा काढण्याची पद्धत अद्याप कोठेही रूढ झालेली नाही. २०१५ मध्ये प्रथम दाखविण्यात आलेला ‘द ब्राँझ’ हा अमेरिकन चित्रपट याच वैगुण्यावर कडवट विनोदाच्या वाटेने बोट ठेवतो.

ओहायो राज्यातील ॲमहर्स्ट या छोट्या गावची होप २००४ मध्ये जिम्नॅस्टिक्समधील ब्राँझपदक मिळवून राष्ट्राची लाडकी होते. पुढे वर्षे उलटतात. पण अंगावरचा संघाचा पोशाख उतरत नाही. गावातले दुकानदार तिच्याकडून पैसे घेत नाहीत. बाप टपाल वाटतो आणि ही त्याच्याच गाडीतील पाकिटे फोडून नोटा काढते. गावातील दुसरी गुणी मुलगी पुढे येऊ लागताच, तिला शिकविण्याचे पाच लाख डॉलरचे आमिष असूनही, होप प्रथम तिचीच वाट लावू पाहते. मक्तेदार नव्या स्पर्धकाशी याहून निराळे काय वागतो?

चित्रपटाची भाषा शिवराळ आहे, काही प्रसंग ओंगळ आहेत. समीक्षकांनी त्याची संभावना फारशी आदराने केली नाही, हेही खरे. तथापि होपला हसून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. तिच्या ऐतखाऊपणात गावाचाही वाटा आहे. ॲमहर्स्टचे नाव एकेकाळी वालुकाश्माच्या खाणींमुळे झाले. शेजारच्या लोरेनमधील जहाजबांधणी १९८० नंतरच्या दशकात थांबली आणि फोर्डचा मोटार कारखाना २००५ मध्ये बंद पडला. ज्या भागातून असे उद्योग जातात, तेथील लोकांना अभिमानासाठी एखादे पदकही पुरते. होपला मिळणारे फुकटचे जेवण हा गावाने त्या अभिमानापोटी भरलेला खंडच होय.

होपच्या कथेवर एका सत्य घटनेची छाया स्पष्ट दिसते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग हिने घोटा दुखावलेला असताना दुसरी व्हॉल्ट उडी मारली आणि अमेरिकन संघ सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ती उडी मारली नसती तरी सुवर्ण मिळालेच असते, हे नंतर हिशेबाने दिसून आले! पण त्या एका उडीच्या कीर्तीवर स्ट्रग आयुष्यभर बसून राहिली नाही. तिने स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण घेतले, प्राथमिक शाळेत शिकविले आणि पुढे सरकारी सेवा पत्करली. होपपाशी असे दुसरे भांडवलच नव्हते. बालपण व्यायामशाळेत गेले आणि पदकाखेरीज हाती काही उरले नाही.

कारकुनाच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी सक्तीने कापला जातो, म्हणून त्याचे म्हातारपण सुसह्य होते. जिम्नॅस्टची निवृत्ती तर बहुधा विशीतच येते; तिच्यासाठी कापून ठेवायचे ते शिक्षण आणि दुसरे एखादे कसब. खेळाडूच्या गळ्यात हार घालणाऱ्या समाजाने, पालकांनी आणि प्रशिक्षकांनी ही कपात पहिल्या दिवसापासून केली पाहिजे. ती न करता पुढे त्याच खेळाडूच्या आळसाला हसण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.