'वी'च्या पोटातले दोघे
इंग्रजीतला 'वी' दिसायला एवढासा, पण पोटात दोन अर्थ बाळगतो: ऐकणाऱ्याला धरून आणि त्याला वगळून. फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेत पहिल्यासाठी 'तायो', दुसऱ्यासाठी 'कामी' (आपल्या 'कामी येण्या'शी याचा संबंध नाही). 'आपण जेवायला जाऊ' आणि 'आम्ही जेवायला जातो' यांतल्या कोणत्या वाक्यावर चपला घालायच्या, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. संदर्भाने अर्थ लागतोच, मग दोन शब्द कशाला, असे कोणी म्हणेल. बोलण्यापुरते ते खरे. इंग्रजांचे काही अडलेले नाही. अडते अनुवादकाचे. फिलिपिन्सच्या १९८७च्या संविधानाचा इंग्रजी सरनामा 'वी'वर निभावतो. टागालोगवर बेतलेल्या फिलिपिनोत मात्र निवड करावीच लागली, आणि 'कामी' आले. सर्व नागरिकांना कवेत घेणाऱ्या मजकुरात वगळणारा शब्द? पण इथे वगळला जातो तो नागरिक नव्हे, ऐकणारा. त्या सरनाम्यात लोक ईश्वराचे साहाय्य मागतात. ख्रिस्ती प्रार्थनेतही टागालोग भाषक देवाला 'आमचा' पिता म्हणतो, 'आपला' नव्हे. मराठी ख्रिस्ती माणूसही तसेच म्हणतो. भारताच्या संविधानाचा मराठी सरनामाही 'आम्ही'नेच उघडतो. तिथे मात्र ईश्वर नाही, आणि लोक ते संविधान स्वतःलाच अर्पण करतात. तिथे 'आपण' अधिक शोभले असते, असे मला वाटते.