समुद्र कुणाच्या लेकीचा?

आठ मार्चच्या पोस्टरवर ‘पहिली महिला’ छापायची आपल्याला सवय झाली आहे. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली न्यायाधीश. या यादीत अदिती पंत हे नाव हमखास असतं. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. त्यांचा जन्म नागपूरचा, १९४३ सालचा. त्यामुळे आमच्या भंडाऱ्याकडच्या शिबिरांत त्यांचं नाव जरा जास्तच अभिमानानं घेतलं जातं. ‘विदर्भाची लेक समुद्रशास्त्रज्ञ झाली, मनात आणलं तर तुम्हीही व्हाल,’ असं वक्त्या सांगतात आणि मुली टाळ्या वाजवतात. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे. तो खोटा का आहे हे मुलींना सांगायचं काम आपण टाळतो आहोत, म्हणून हा लेख.

अदिती पंत यांचं शिक्षण कसं झालं ते नीट पाहू. पुणे विद्यापीठात बी.एस्सी. झाल्यावर त्या अमेरिकेत हवाई विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेल्या. समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न कसं तयार करतात, हा त्यांचा तिथला विषय. या सूक्ष्म वनस्पतींवर छोटे जीव जगतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर माणसं. पुढे लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवालांवर त्यांनी पीएच.डी. केली, आणि सत्तरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या रुजू झाल्या. ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. १९८१ आणि १९८२ साली निघालेल्या अंटार्क्टिकाच्या पहिल्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोघी गेल्या, भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं तिथलं पहिलं ठाणं याच मोहिमेत उभं राहिलं.

हे कर्तृत्व मोठं आहे. ते कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण पोस्टरवर एक गोष्ट छापली जात नाही. त्यांचे वडील अप्पा पंत हे औंध संस्थानचे राजपुत्र आणि स्वतंत्र भारताचे नामवंत राजदूत. घरच्या एका स्नेह्यानं दिलेलं समुद्रावरचं इंग्रजी पुस्तक वाचून ही वाट दिसली, असं सांगितलं जातं. अशी पुस्तकं भेट देणारे स्नेही कुणाच्या घरी येतात? त्याआधीचं उदाहरण कमला सोहोनींचं घ्या. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या अडून बसल्या, एक वर्षाच्या अटीवर आत शिरल्या, आणि पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. पण त्यांचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. म्हणजे दार बंद होतं हे खरं, पण ते दार नेमकं कुठे आहे हे घरात ठाऊक होतं. दोघींनी बाईपणाची भिंत ओलांडली. त्यांच्या वाटेत जातीची आणि गरिबीची भिंत नव्हती.

आता कारध्याला या. वैनगंगेच्या एका काठाला भंडारा शहर, दुसऱ्या काठाला आमचं कारधा. इथल्या ढिवर वस्तीत मी काम करते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला पाहणीचे तक्ते भरायला शिकवलं होतं. त्या तक्त्यात ‘व्यवसाय’ या रकान्यात पुरुषासमोर ‘मासेमारी’ आणि बाईसमोर ‘घरकाम’ लिहायची पद्धत. प्रत्यक्षात बाई मासळी निवडते, साफ करते, सुकवते, टोपली डोक्यावर घेऊन विकते, झिंगे धरते. मरळ कोणत्या पाण्यात राहते, शिंगी कोणत्या चिखलात सापडते, पूर ओसरल्यावर कोणती मासळी आधी दिसते, हे ती सांगते. कोणती मासळी आता दिसतच नाही, हेही तीच सांगते.

ते कळायला तिला पदवी लागत नाही. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, आणि धरणानं वैनगंगेची वाहती नदी अडवून तिचा तलाव केला. वाहत्या पाण्यातली मासळी आणि साचल्या पाण्यातली मासळी वेगळी असते. त्यात नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. अहीर मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. वाटेत बांध आला की त्याचं चक्रच तुटतं. तेव्हा ‘विदर्भाचा आणि समुद्राचा काय संबंध’ असं म्हणणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा.

काही वर्षांपूर्वी बाहेरून संशोधक आले. दोन दिवस बायकांजवळ बसून माशांची नावं, हंगाम, जागा लिहून घेतल्या. अहवाल इंग्रजीत निघाला. त्यात ‘स्थानिक मच्छीमार’ असा पुल्लिंगी उल्लेख, आणि आभार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचे. पुढच्या वेळी मी वस्तीत वही काढली तेव्हा एक मावशी म्हणाली, “पुन्हा लिहून नेता का बाई? मांगं नेलं त्याचं का झालं?” तिला देण्यासारखं उत्तर त्या अहवालात नव्हतं.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, गुणवत्तेचा. मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं सर्वांना खुली आहेत म्हणतात. १९८१ पासून रत्नागिरीला आहे, आता नागपूरलाही आहे. पण प्रवेशाला बारावी सायन्स लागते. दहावीनंतर शिकवणीची फी भरायची वेळ आली की घरात आधी मुलाचा नंबर लागतो. भटक्या जमातीचा दाखला हवा, त्याची पडताळणी हवी, आणि त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा हवा. तोही सहसा बापाच्या बाजूचा. ज्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या मुलीनं बापाकडचे कागद कुणाच्या दारात जाऊन मागायचे? २०२४ साली शासनानं व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या अनेक मुलींची फी माफ केली, ते चांगलंच झालं. पण फीच्या खिडकीपर्यंत पोचण्याआधीच आमची मुलगी गळते.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. ‘इथे मारहाण, दारू, हुंडा यांतून सवड नाही, आणि तू समुद्रविज्ञान काय घेऊन बसलीस?’ पण जनसुनावणीत नदी मेली हे सिद्ध करायला आकडा लागतो, आणि आकडा मोजणारे सगळे बाहेरचे असतात. ज्यांचं पोट नदीवर आहे त्यांच्या घरात पाणी तपासणारी एक तरी मुलगी हवी. हा पोटाचा प्रश्न आहे, हौसेचा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. ‘यांच्याकडे पारंपरिक ज्ञान आहेच, पदवी कशाला?’ असं म्हणणारे स्वतःच्या मुलींना मात्र पदवीला पाठवतात. ज्ञान आमचं, पगार तुमचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, निमगावच्या शालू कोल्हे या ढिवर समाजातल्या कार्यकर्तीनं बायकांना संघटित केलं. त्यांनी तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासळी परत आणण्याचं काम केलं. प्रयोग, निरीक्षण, नोंद, सगळं त्यात आहे. याला ‘महिलांचा उपक्रम’ म्हणायचं आणि हेच काम पदवीधरानं केलं की ‘संशोधन’ म्हणायचं, हा भेद कुणी ठरवला?

म्हणून मैत्रिणींनो, संघटनांपुढे माझं मागणं आहे. मच्छीमार सहकारी संस्थांत बायकांना स्वतःच्या नावानं सभासदत्व मिळवून देण्याचा कार्यक्रम घ्या. जातीच्या दाखल्यासाठी आईच्या बाजूचे पुरावे धरले जावेत म्हणून तहसीलवर धडका द्या. सायन्स घेणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलींसाठी भंडाऱ्यात राहण्याची आणि शिकवणीची सोय उभी करा. वस्तीत येणाऱ्या प्रत्येक संशोधकाकडून तीन गोष्टी लिहून घ्या : माहिती देणाऱ्या बाईचं, तिची संमती घेऊन, अहवालात नाव, तिच्या वेळेचा मोबदला, आणि मराठीत अहवाल.

अदिती पंत यांचं पोस्टर जरूर लावा. पण त्याखाली इतकंच लिहा की पहिली गेली त्याला चाळीस वर्षं उलटली. मग मुलींना विचारा, आपल्या वस्तीतून अजून कुणी का गेली नाही. टाळ्यांऐवजी त्यांना उत्तरं देऊ द्या, आणि त्या उत्तरांतून पुढच्या मोर्च्याच्या मागण्या लिहा.