विश्लेषण : स्टिअरिंग सैल झाले की बधिर? ‘समृद्धी’वर चढण्यापूर्वी फरक कसा ओळखायचा?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. त्यापैकी सुमारे ६० किलोमीटर वर्धा जिल्ह्यातील सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून जातात. येळाकेळी किंवा विरूळ येथून महामार्गावर चढलेली स्पोर्ट्स कार काही सेकंदांतच ताशी १२० किलोमीटरची मर्यादा गाठते. या वेगात मोटार दर सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. तिचा रोख केवळ एका अंशाने चुकला, तर ती सेकंदाला सुमारे ५८ सेंटिमीटर बाजूला सरकते. पावणेचार मीटर रुंदीच्या मार्गिकेतून बाहेर पडायला तिला दोन सेकंदही लागत नाहीत. त्यामुळे ‘स्टिअरिंग जरा वेगळं वाटतंय’ ही तक्रार गावातल्या रस्त्यावर चालवून घेता येते, इथे नाही.

सैल आणि बधिर यांत फरक काय?

गॅरेजमध्ये दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जातात, पण त्यांचे मूळ वेगळे असते. स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाके हलत नाहीत, सरळ रस्त्यावरही सतत डावे-उजवे करावे लागते, हे सैल स्टिअरिंग. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात. कुठला तरी सांधा झिजल्याची ती खूण असते आणि झीज आपोआप कमी होत नाही. बधिर स्टिअरिंगमध्ये चाके हाताचे ऐकतात, पण रस्त्याची खबर हातापर्यंत पोहोचत नाही. टायरची पकड सुटू लागली की चाक हलके होते, खडबडीत पृष्ठभाग हाताला जाणवतो. ही जाणीवच हरवते. हा दरवेळी बिघाड असतोच असे नाही. अनेकदा मोटारीची रचनाच तशी असते.

स्पोर्ट्स कारमध्ये हे आधी का जाणवते?

साध्या मोटारीत पुढची चाके एक अंश वळवण्यासाठी स्टिअरिंग साधारण १६ ते १८ अंश फिरवावे लागते; स्पोर्ट्स कारमध्ये हा आकडा १२ ते १४ पर्यंत खाली येतो. साहजिकच सांध्यातली लहानशी झीजही रस्त्यावर मोठी होऊन दिसते. शिवाय तिचे टायर रुंद आणि कमी उंचीचे असल्याने ते रस्त्यावरच्या चाकोऱ्यांच्या मागे जातात. मालकाला वाटते स्टिअरिंग सैल झाले. प्रत्यक्षात टायर रस्त्याची रेघ पकडून चाललेला असतो. रस्ता बदलला की ओढ थांबत असेल तर गाडी उघडण्याची घाई करू नये.

वर्ध्याच्या मोटारींचा आणखी एक प्रश्न आहे. काळी कसदार माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचे रस्ते खचतात, उंचावतात. या खड्ड्यांचे आदळे टाय रॉड एंड, रॅक एंड आणि लोअर आर्मच्या रबरी बुशांवर बसतात. भर उन्हाळ्यातला विदर्भ रबराला सोसत नाही, ते वेगळेच. नुकसान गावाकडच्या रस्त्यावर होते आणि ते उघडे पडते महामार्गावर.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगच्या चाकावरील प्ले ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ३७ सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास १० सेंटिमीटर! सर्व प्रकारच्या वाहनांना लागू होणारी ही मर्यादा बरीच उदार आहे. अनेक मोटारींच्या सर्व्हिस पुस्तिका कडेवर सुमारे ३० मिलिमीटरपर्यंतच सूट देतात. म्हणजे नियमात बसणारी स्पोर्ट्स कारही १२० च्या वेगाला अपात्र असू शकते. त्यात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि योग्यता तपासणी नूतनीकरणाच्या वेळी होते. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायरची तपासणी सुरू केली, ते योग्यच होते. स्टिअरिंगची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते.

घरी काय तपासता येते?

आधी टायर थंड असताना हवा तपासावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण दीड-दोन पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी पंपावर घेतलेला आकडा फसवा असतो. कमी हवा हे बधिर स्टिअरिंगचे सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण आहे. कंपनीने सांगितलेल्या मापाऐवजी मऊ बाजूचे टायर बसवले, तरी हाच अनुभव येतो.

मग इंजिन सुरू ठेवून, चाके सरळ करून स्टिअरिंग बोटांनी हलके डावे-उजवे करावे आणि दुसऱ्या माणसाला बाहेरून पुढचे चाक पाहायला सांगावे. चाक हलण्याआधी स्टिअरिंग किती फिरते, ते कडेवर मोजता येते. पुढची पायरी गॅरेजमध्येच करावी, कारण फक्त जॅकवर उभ्या गाडीजवळ हात घालणे धोक्याचे आहे. गाडी स्टँडवर उचलून चाक डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवले आणि ठकठक जाणवली, तर टाय रॉड किंवा रॅक एंडवर संशय घ्यावा. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवली, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर ती थांबली, तर बहुधा बेअरिंगच.

याआधी अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पैसे पाण्यात. झिजलेल्या सांध्यावर बसवलेला कोन दहा-वीस खड्ड्यांत पुन्हा बिघडतो. तरीही बहुतेक ठिकाणी सुरुवात अलाइनमेंटपासूनच होते, कारण ते यंत्रावर होते आणि पावती लगेच मिळते.

बधिरपणा दुरुस्त होतो का?

कधी होतो. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नसेल, तर शॉकअपच्या वरचे माउंट किंवा कॉलमचा सांधा अडकलेला असू शकतो. अलाइनमेंटनंतर अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणला नसेल, तर इलेक्ट्रिक स्टिअरिंग विचित्र वागते. ईपीएसचा दिवा लागून स्टिअरिंग एकदम जड झाले, तर मदत करणारी मोटर बंद पडली आहे, असे समजून वेग कमी करावा आणि गाडी बाजूला घ्यावी. मार्गिका राखणारी यंत्रणा असलेल्या मोटारीत चाक हाताला ओढते, तो दोष नसतो.

उरलेला बधिरपणा मात्र रचनेचा. २०११ मध्ये आलेल्या ९९१ पिढीच्या पोर्शे ९११ने हायड्रॉलिक सोडून इलेक्ट्रिक स्टिअरिंग घेतले, तेव्हा याच कारणासाठी तिच्यावर टीका झाली होती. उलट रांजणगावात तयार झालेल्या आणि २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोचे हायड्रॉलिक स्टिअरिंग आजही शौकीन आठवतात. ‘स्पोर्ट’चे बटण दाबून चाक जड होते, बोलके होत नाही.

पावसाळ्यात काय वेगळे?

पावसात ठणठणीत स्टिअरिंगही अचानक लोण्यासारखे हलके होऊ शकते. टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागलेला असतो. ‘नासा’च्या १९६०च्या दशकातील प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार ३२ पीएसआय हवेच्या गुळगुळीत टायरला साचलेल्या पाण्यावर हे ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे समृद्धीच्या मर्यादेच्या बऱ्याच आधी. अशा वेळी ब्रेक दाबू नये, चाक जोरात फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि त्याला वजन परत येईपर्यंत थांबावे.