नकार देऊ शकणारे सल्लागार

राज्यकर्ते सल्लागार मंडळे नेमतात, त्यामागे दोन हेतू संभवतात. निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत ऐकावे, हा एक. घेतलेल्या निर्णयावर जाणकारांचा शिक्का उमटवून घ्यावा, हा दुसरा. एखादे मंडळ यांपैकी कोणत्या हेतूने चालते, हे त्याने सत्तेला कधी नकार दिला आहे काय, यावरून ओळखावे. फ्रान्समधील राज्य-परिषदेचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ही परिषद नेपोलियनने १७९९ मध्ये स्थापन केली. कायद्यांचे मसुदे सिद्ध करणे आणि प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींची छाननी करणे, ही तिची दोन कामे. १८०४ च्या नागरी संहितेच्या मसुद्यावर तेथेच खल झाला आणि अनेक बैठकांना नेपोलियन स्वतः उपस्थित राहिला. तक्रारींबाबत मात्र अखेरचा शब्द दीर्घकाळ राज्यप्रमुखाचाच होता. १८७२ च्या कायद्याने परिषदेला स्वतःच्या अधिकारात निकाल देण्याची मुभा मिळाली आणि सामान्य नागरिक सरकारला जाब विचारू शकेल, अशी जागा निर्माण झाली.

तिची कसोटी १९६२ मध्ये लागली. अल्जीरियातील युद्ध संपविणाऱ्या कराराला त्या वर्षी एप्रिलमध्ये सार्वमताने मान्यता मिळाली होती. त्यातून लाभलेल्या अधिकारात अध्यक्ष द गॉल यांनी वटहुकूम काढून खास लष्करी न्यायालय नेमले. त्याच्या निकालावर अपील नव्हते. या न्यायालयाने आंद्रे कनाल याला देहदंड सुनावला. तो अल्जीरियाचे स्वातंत्र्य रोखण्यासाठी हिंसाचार करणाऱ्या गुप्त संघटनेतला; त्याच्या अर्जाचा विचार करण्यात लोकप्रियता मिळण्याजोगे काही नव्हते. तरीही १९ ऑक्टोबर १९६२ रोजी परिषदेने तो वटहुकूमच रद्द ठरविला. परिस्थिती कठीण असली तरी अपिलाचा हक्क समूळ काढून घेणे समर्थनीय नाही, असा तिचा निर्वाळा होता. द गॉल संतापले. पुढील वर्षी परिषदेच्या रचनेत फेरफारही झाले. परंतु तिचे अधिकार शाबूत राहिले.

आपल्याकडील अनुभव निराळा आहे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची व्यवस्था पक्की केली. पद बापाकडून मुलाकडे जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. तो पुढे सुटला. पदे घराण्यांची झाली, त्यांना सरंजाम जोडले गेले, पेशवेपद इतर प्रधानांना डोईजड झाले आणि मंडळ नावापुरते उरले. न्यायमूर्ती रानडे यांनी या ऱ्हासाची चिकित्सा केलीच आहे. आसन ही मिळकत झाली की सल्ला देणाऱ्याला राज्यापेक्षा आसनाची काळजी अधिक वाटू लागते.

लोकनियुक्त सरकारला कोणी न निवडलेल्या पंडितांनी अडवावे काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो गैरलागू आहे. फ्रान्सच्या १९५८ च्या राज्यघटनेनुसार सरकारी विधेयक मंत्रिमंडळापुढे येण्याआधी परिषदेचे मत घ्यावेच लागते. ते मानलेच पाहिजे, असे बंधन नाही. विचारणे सक्तीचे, मानणे ऐच्छिक. विधेयकांवरील ही मते २०१५ पासून प्रसिद्धही होऊ लागली आहेत. सल्ला डावलण्याचा अधिकार सरकारकडे राहतो. आपण तो डावलला, हे मात्र त्याला लपविता येत नाही.

स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग १९५५ मध्ये मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. तेव्हापासून हा आयोग सरकारी आदेशाने, ठराविक मुदतीसाठी अस्तित्वात येतो. विधेयक आणण्यापूर्वी त्याचे मत घेण्याचे बंधन सरकारवर नाही. या आयोगाला कायद्याचे अधिष्ठान द्यावे, महत्त्वाची विधेयके त्याच्याकडे पाठविणे सक्तीचे करावे आणि त्याचे मत संसदेतील चर्चेपूर्वी लोकांपुढे ठेवावे. यात सरकारच्या अधिकाराला कोठेही धक्का लागत नाही. लागलीच तर घाईला थोडी खीळ बसेल, आणि तेवढी बसणे लोकशाहीच्या हिताचेच आहे.