वायफायचा चोर निळ्या पोर्टात

इंटरनेट मंदावलं की पहिल्या शिव्या केबलवाल्याला पडतात. मग राऊटर बंद करून चालू करायचा, तरी जमलं नाही तर प्लॅन वाढवायचा, आणि तेही करून झालं की नवा राऊटर आणायचा. शीळफाटा ते काटई नाका या पट्ट्यात गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, वजनकाटे यांच्याकडे कॅमेरे आणि रास्पबेरी पायसारखे छोटे लिनक्स बोर्ड बसवायचं माझं काम. हा क्रम इतक्यांदा बघून झालाय, की हल्ली तक्रार आली तर मी राऊटरकडे वळतच नाही. आधी विचारतो, ‘‘शेठ, बोर्डाला नवीन काय लावलंत?’’

‘‘काही नाही हो. रेकॉर्डिंगसाठी एक एसएसडी लावली, बाकी सगळं तुम्ही बसवलं तसंच आहे.’’

चोर बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

डिस्क, हब, पेन ड्राइव्ह यांच्या पोटात वायरलेस असं काही नसतं. तरी ही मंडळी शेजारचं वायफाय आडवं करतात, आणि ही काही गुप्त विद्या नाही. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये मोजमापांसकट जाहीर केलं होतं, की यूएसबी ३ ची जोडणी चालू असताना डिस्क, केबल आणि कनेक्टर यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट सुटतो आणि जवळच्या वायरलेस रिसीव्हरला बाधतो. गोंगाटाची पातळी २० डेसिबलच्या आसपास चढते, म्हणजे शंभरपट. हे कळून इतकी वर्षं झाली, आणि माझ्या हातून गेलेल्या एकाही डिस्कच्या खोक्यावर त्याबद्दल एक ओळ छापलेली मी पाहिली नाही. माझं भांडण त्याबद्दल आहे.

यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाने शून्य-एक उलटेपालटे होत राहिले की त्यांची ऊर्जा एका जागी बसत नाही, शून्याजवळून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. वायफायचा जुना पट्टा २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ, बरोबर त्या पसाऱ्याच्या मधोमध. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, त्याची झळ इथवर सहसा पोचत नाही. फिल्टर लावून हा गोंगाट गाळता येत नाही, कारण तो वायफायच्याच पट्ट्यात आहे. गाळणीत दोघंही अडकतील. आणि डिस्कवर काही लिहिलं जात नसतानाही जोडणी जागी असेपर्यंत तारेतून भरताडाचे बिट वाहतच असतात. म्हणून ‘आत्ता तर रेकॉर्डिंग बंद आहे’ ही सबब चालत नाही.

उपाय राहतात दोन. नीट वेष्टण घाला, नाहीतर लांब जा. लांब जायचं तर रास्पबेरी पाय ४ ची लांबीच ८५ मिलिमीटर. एका टोकाला बोर्डावरच कोरलेली अँटेना, दुसऱ्या टोकाला यूएसबीचे पोर्ट. त्यात आमचे फिटर डिस्क दुतर्फी टेपने बोर्डाच्या डोक्यावर चिकटवतात, वरून पत्र्याचा डबा घालतात आणि भिंतीला ठोकतात. काम दिसतं सुबक. रेडिओची मात्र पुरती वाट.

लोक म्हणतात, सिग्नलच्या कांड्या तर पूर्ण आहेत. असतीलच. शीळफाट्याच्या चौकात उभं राहून घरचा फोन घ्या. बायकोचा आवाज नेहमीएवढाच असतो, पण महापेकडे वळणारे कंटेनर हॉर्नवर हात ठेवून बसलेले असतात आणि प्रत्येक वाक्याला ‘‘काय? काय म्हणालीस?’’ करावं लागतं. वायफायचं तेच. पाकीट पोचल्याची पावती आली नाही की राऊटर तेच पाकीट परत पाठवतो, मग वेग उतरवतो, मग परत पाठवतो. कांड्या मोजतात समोरच्याचा आवाज. हॉर्न कोणी मोजत नाही.

खिडकाळीच्या अलीकडे एक वजनकाटा आहे. ट्रक चढला की बोर्ड वजन वाचतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि दोन्ही आवारापलीकडच्या ऑफिसात वायफायने पाठवतो. तिकडे पावती छापली जाते. मेमरी कार्डं सारखी खराब होतात म्हणून मालकाच्या भाच्याने एसएसडी जोडली. विचार उत्तम होता. दुसऱ्या दिवसापासून पावती निघेना. काट्यावर ट्रक, त्याच्यामागे ट्रक, आणि रांगेचं शेपूट शीळ रोडवर आलं की पुढे काय होतं ते डोंबिवलीहून रोज नवी मुंबईला जाणाऱ्याला विचारा. बीकेसीपासून इथवर बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातला ७ किलोमीटर खाडीखालून; आणि बोगद्याच्या या तोंडाशी एक चिठ्ठी आवार ओलांडून जाईना.

केबिनमधले मामा वैतागले होते. ‘‘सकाळपासून नेट मेलंय बघा. त्या नेटवाल्या पोराला बोलावलं, तो म्हणतो आमचं सगळं बरोबर आहे. बरोबर आहे तर मग हे काय?’’

पोराचं म्हणणं खरं होतं. त्याने राऊटरपाशी वेग मोजला, तिथे तो भरपूर होता. मी लॅपटॉप बोर्डाला जोडला आणि लिनक्सच्या आयडब्ल्यू कमांडने लिंक बघितली. सिग्नल उणे ५४ डीबीएम, झकास. पण बोर्ड ज्या वेगाने ऐकत होता तो आकडा तळाला गेलेला. आयपर्फ लावून दोन्ही दिशांचा वेग घेतला: बोर्डाकडून ऑफिसला जाताना अडखळत, ऑफिसकडून बोर्डाकडे येताना जवळजवळ ठप्प. या धंद्यातल्या पोरांनी ही खूण पाठ करून ठेवावी. गोंगाट बोर्डाच्या कानाशी आहे, राऊटरच्या नाही; बहिरा होतो तो बोर्ड. फोटो पाठवायलासुद्धा समोरून आलेली पोच ऐकू यावी लागते, म्हणून जाणारा मालही रेंगाळतो. प्लॅन कमी पडत असता तर बोर्ड आणि राऊटर यांच्यातला हा वेग पडलाच नसता. मामांना काय, भाच्यालाही ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग एलएसयूएसबीच्या यादीत डिस्कसमोर ५००० एम दिसलं, म्हणजे यूएसबी ३. डिस्क निळ्या पोर्टातून काढून शेजारच्या काळ्या पोर्टात घातली, आकडा ४८० एम झाला, आणि अडकलेल्या पावत्या प्रिंटरमधून भसाभस बाहेर आल्या. ‘‘एवढंच होतं?’’ मामा म्हणाले. एवढंच. नंबर प्लेटच्या फोटोला ४८० मेगाबिट डोक्यावरून पाणी. जिथे खरोखर वेग हवा असतो, तिथे मी चांगल्या वेष्टणाच्या यूएसबी ३ केबलवर डिस्क हातभर लांब नेतो आणि डब्याच्या बाहेर ठेवतो. कधी उलटं करतो: वायफायसाठी वेगळा डोंगल घेऊन तोच यूएसबी २ च्या एक्स्टेन्शनवर बाहेर काढतो. आणि जिथे लॅनची वायर जाते तिथे मुकाट्याने वायर टाकतो. वायफाय ही आळशी माणसाची वायर आहे असं माझं मत आहे, आणि ते ऐकून माझीच पोरं हसतात.

एक सावधगिरी. डिस्क लावल्यावर बोर्ड कुरकुरू लागला तर दरवेळी गोंगाटच असतो असं नाही. डिस्क वीजही खाते. स्वस्तातला मोबाइल चार्जर लावला असेल तर ५ व्होल्टचे ४.६३ च्या खाली जातात, बोर्ड स्वतःचा वेग कापतो, कधी डिस्कच सोडून देतो. तशी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये पडते. आधी ती बघावी. गोंगाटाची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे वायरलेस माऊस. त्याचा छोटा रिसीव्हर डिस्कच्या शेजारी घाला. पडद्यावरचा बाण उड्या मारू लागला की पुढचं यंत्र उघडायची गरज नाही.

डिस्कच एकटी बदमाश नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ बाजारात आला आणि काही महिन्यांतच तक्रारी सुरू झाल्या की मॉनिटर २५६० बाय १४४० वर ठेवला तर वायफाय जातं. गणित सरळ आहे. त्या चित्रासाठी पिक्सेल घड्याळ २४१.५ मेगाहर्ट्झचं लागतं, एचडीएमआयच्या प्रत्येक वाहिनीत त्याच्या दहापट बिट धावतात, म्हणजे २४१५. वायफायच्या पहिल्या चॅनलचा मध्य २४१२. दुकानात दरफलक म्हणून टीव्ही टांगणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

माझी सुरुवात डोंबिवलीत टीव्ही दुरुस्तीने झाली. तेव्हा इमारतीखाली कोणाची स्कूटर सुरू झाली की वर पडद्यावर पांढरे ठिपके आणि रेघा धावायच्या, आणि बातम्या बघणारे आजोबा गॅलरीत येऊन ओरडायचे. उस्तादाने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: टीव्ही उघडू नकोस, खाली जा. स्पार्क प्लगला सप्रेसर कॅप बसवली की गोंगाट जागच्या जागी मरायचा. गोंगाट करणाऱ्यानेच तो आवरायचा ही समज त्या काळी गॅरेजवाल्यालाही होती. आज गिगाहर्ट्झमध्ये काम करणाऱ्या इंजिनियर पोराला ती नसते, कारण त्याच्या पडद्यावर रेघा येत नाहीत. फक्त गोल गोल फिरणारं चक्र येतं, आणि चक्राला काय, कोणतंही कारण चालतं.

गोंगाटाची दखल आपल्याकडे घेतलीच जात नाही असंही नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या. मानवी गोंगाट कमी आहे हेही ती जागा निवडण्यामागचं एक कारण होतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा आधीचा मार्ग त्या दुर्बिणीजवळून जात होता. तिला बाधा पोचेल म्हणून रेल्वेने तो बाजूला न्यायचं ठरवलं. त्यावर नारायणगाव-मंचर भागातली माणसं नाराज आहेत, त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचंय, की वीज वापरणाऱ्या वस्तूच्या रेडिओ गोंगाटापायी या राज्यात रेल्वे वळू शकते. डिस्कच्या खोक्यावर मात्र एक ओळ छापता येत नाही.

कायद्याने आपण कुठे आहोत ते बघा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला. त्यामुळेच तुमच्या-माझ्या घरी वायफाय आलं, याबद्दल दुमत नाही. पण अट अशी, की वापर सगळ्यांनी मिळून करायचा, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि स्वतःला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. गायरानच ते. वायरलेस वस्तू विकायची तर दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मंजुरी लागते. डिस्कमध्ये रेडिओच नाही, त्यामुळे ती त्या दारात जातच नाही. मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी २०१२ पासून आहे, पण तिचा भर शॉक लागू नये, आग लागू नये यावर. ते हवंच. मधल्या फटीतून गोंगाट निसटतो. अमेरिकेत रेडिओ नसलेल्या डिजिटल वस्तूलाही गोंगाटाची मर्यादा पाळावी लागते; ती मर्यादासुद्धा चार बोटांवरच्या अँटेनाला वाचवत नाही, पण निदान वेष्टणावर पैसे वाचवणाऱ्याला धाक राहतो.

‘‘५ गिगाहर्ट्झवर जा ना’’ असं पलावातली मुलं मला सांगतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये ते जमतं. तो पट्टाही २०१८ मध्ये बराचसा मोकळा झालाय. पण गोदामाच्या भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झ लवकर दमतो, आणि स्वस्त कॅमेरे, स्मार्ट बल्ब, दाराचे सेन्सर यांतले बरेचसे आजही फक्त २.४ वरच बोलतात. २०१६ चा रास्पबेरी पाय ३ तसाच. गरिबाच्या वस्तू जुन्याच पट्ट्यात राहणार आहेत.

म्हणून मागणं मोठं नाही. यूएसबी ३ च्या डिस्कवर आणि हबवर एक ओळ छापा: वायफायच्या अँटेनापासून लांब ठेवा. सरकारी आणि पालिकेच्या कॅमेऱ्यांची टेंडरं माझ्या वाचनात येतात, त्यांत मेगापिक्सेल असतात, रेकॉर्डिंगचे दिवस असतात, डब्याचा रंगसुद्धा असतो. त्यात डिस्क आणि अँटेना यांच्यातल्या अंतराचं एक कलम घाला. आयटीआयच्या पोरांना पॉवर सप्लाय शिकवता, तसा अर्धा तास गोंगाट शिकवा. स्मार्ट बल्ब-सेन्सरशी बोलणारे झिगबीचे डोंगल विकणारे काही जण खोक्यातच एक्स्टेन्शन केबल घालून देऊ लागलेत. डिस्कवाल्यांना ते परवडत नाही असं कोणी मला सांगू नये.

तोवर माझ्या बिलात ‘यूएसबी केबल, शील्डवाली, अर्धा मीटर’ अशी वेगळी ओळ असते. शेठलोकांचं बोट नेमकं तिच्यावरच पडतं. ‘‘डिस्कबरोबर आलीय की वायर, ही दुसरी कशाला?’’ मी घासाघीस कॅमेऱ्याच्या दरात होऊ देतो, फिटिंगच्या मजुरीत होऊ देतो. ती ओळ खोडत नाही.