आईला सल्ला हवा, टोमणा नको



हल्ली दवाखान्यात, शाळेच्या पालक सभेत, एवढेच काय आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरही एक वाक्य हमखास ऐकू येते : "आजकालच्या आया मोबाईलवर बघून मुले वाढवतात!" डॉक्टर म्हणतात, शिक्षक म्हणतात, सभा हसते. आणि कडेवर मूल घेऊन बसलेली आपली बहीण मान खाली घालते. या सुशिक्षित मंडळींना माझा साधा प्रश्न आहे : तिने विचारायचे तरी कोणाला?

लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा येथील आपले घर डोळ्यासमोर आणा. नवरा लूमवर किंवा मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला. बायको एका खोलीत साड्यांचे धागे कापते, लेस लावते. सासू शिरपूरला, आई नंदुरबारला. गावी रात्री बाळ रडले तर शेजारची म्हातारी धावत यायची. इथे कोण येणार? दवाखान्यात नंबर लागतो तेव्हा दोन मिनिटे मिळतात. माझा धाकटा दोन वर्षांचा होऊनही बोलत नव्हता, तेव्हा आम्हाला "बोलेल हो" एवढे उत्तर मिळाले आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. मी बँकेत नोकरी करणारा, चार ठिकाणी फिरून विचारू शकलो. धागे कापणाऱ्या बाईने काय करावे?

आता फोनवरून काय मिळते ते पाहू. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश फोनवर ऐकवले जातात, तेही फुकट. साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. कोरोनाच्या काळात, २०२० साली, अंगणवाड्या बंद असताना गुजरात सरकारने 'उंबरे आंगणवाडी' हा कार्यक्रम टीव्ही आणि इंटरनेटवरून घरी पोचवला. म्हणजे हे काही पोरखेळ नव्हेत.

तज्ज्ञ मंडळींचे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला : मुलांना मोबाईल वाईट. अगदी बरोबर! दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, असे बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. पण इथे ऐकायचे आहे आईने, बाळाने नव्हे. दुसरा : मोबाईलवर खोटेनाटेच फार. हेही खरे. मग खरे कोणते हे सांगणे कोणाचे काम? तुम्ही हसून मोकळे झालात तर ती पावडर विकणाऱ्याचेच ऐकणार. तिसरा : याने फरक पडत नाही. मध्य प्रदेशात 'किलकारी'ची रीतसर पाहणी झाली. निव्वळ स्तनपानाच्या बाबतीत फरक दिसला नाही, पण कुटुंबनियोजनाची साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण वाढले. म्हणजे फोन ही जादू नव्हे, तसा निरुपयोगीही नव्हे.

आमच्या बँकेत एटीएम आले तेव्हा आम्ही कर्मचारीच म्हणायचो, "आपल्या लोकांना हे जमणार नाही." आज लिंबायतचा भाजीवाला क्यूआर कोड लावून बसला आहे. लोकांना जमत नव्हते असे नाही, शिकवायला आम्हालाच नको होते. मात्र पैसे अडकले की तो आजही काउंटरवरच येतो. यंत्र आले म्हणून माणूस काढून चालत नाही. म्हणून जे अधिकारी "आता सगळे ॲपवर आहे" म्हणून हात झटकतात, त्यांनाही आमचा तेवढाच विरोध आहे. 'पोषण ट्रॅकर' २०२१ साली आला. अंगणवाडी ताईने त्यात माहिती भरायची, मुले सांभाळायची, आणि घरी भेट द्यायला वेळ कधी काढायचा?

आता आपल्या वर्मावरची गोष्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'किलकारी' महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत सुरू झाली : तिकडे मराठीतून, इकडे गुजरातीतून. गुजराती आपल्याला परकी नाही, आपली मुले ती सहज बोलतात. पण सहा महिन्यांपूर्वी धुळ्याहून लग्न होऊन आलेल्या मुलीला बाळाच्या जुलाबाची सूचना गुजरातीतून किती कळणार? मराठी संदेश तयार आहेत, नव्याने काही करायचे नाही. महापालिका सुरतेत मराठी शाळा चालवते, मग मराठी आईला मराठी सल्ला का नाही?

आमच्या मागण्या तीन. सुरतेतील मातेला नोंदणीच्या वेळीच भाषा विचारा आणि मराठी संदेश द्या. नवऱ्याचा नंबर लिहून मोकळे होऊ नका, फोन तिच्या हाती केव्हा असतो तेही विचारा. आणि आपल्या समाजातील डॉक्टर व शिक्षकांनी महिन्यातून एक रविवार मंडळाच्या सभागृहात बसावे, आयांनी फोनवर काय ऐकले ते समजून घ्यावे, चूक असेल ते प्रेमाने सुधारावे.

मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपला मराठी असो वा नसो, हे तीन प्रश्न विचारा. आणि डॉक्टरसाहेब, पुढच्या वेळी त्या बहिणीला हसण्याआधी एवढेच विचारा : "काय पाहिलेस, दाखव बरे."